चिलीचा पाहुणा

"आमचं चिलीचं स्पॅनिश जरा गावंढळच," बैठकीत शेजारी बसलेला द्राक्षबागायतदार पाहुणा दुभाषी प्रांजलीला ओशाळून म्हणाला. "स्पेनचे लोक हसतात आम्हाला."

प्रत्येक वाक्याच्या शेपटाला तो चिलीचा 'पो' लावायचा, अर्धे शब्द गिळायचा. जुन्याजाणत्या दुभाष्यानं सकाळीच हात टेकले होते. प्रांजलीला मात्र अक्षर न् अक्षर कळत होतं.

"हसू देत, पो!" तिनंही त्याच्याच स्पॅनिशमध्ये ठसक्यात सांगितलं. पाहुणा टाळी देऊन खळखळून हसला.

चहा आला, तेवढ्यात अकोल्याहून आईचा फोन वाजला. पुण्यात आल्यापासून हा फोन ती जिन्यात जाऊन, दबक्या आवाजात घ्यायची. आज तिथंच, सगळ्यांसमोर, मोकळ्या गळ्यानं म्हणाली,

"बोल वं माय! जेवली काय?"