निरोपाची नऊ गाणी

पप्पांच्या अक्षरातली यादी ग्रेटाने पुन्हा वाचली. आईपप्पांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला बॅण्डने वाजवायची नऊ इंग्रजी गाणी, आणि एकूण एक गाण्याच्या नावात ‘गुडबाय’!

स्वारी काहीतरी लपवतेय, हे नक्की. परवा डॉक्टरकडेही गुपचूप एकटेच जाऊन आले.

तिने यादी आईपुढे आपटली. “भर समारंभात निरोपाची गाणी? खरं सांग, पप्पांना काय झालंय?”

“त्यांना काय धाड भरलीय! कानातला मळ काढून आले, बॅण्ड नीट ऐकू यावा म्हणून.” वाटाणे सोलता सोलता आई हसली. “अगं, ते हॉटेलात गिटार वाजवायचे, तेव्हा मी तिथेच भांडी घासायचे. रोज शेवटचं गाणं गुडबायचं. ते लागलं की मी हात पुसून चपला शोधायचे. मग दोघं मिळून घरी.”

रविवारी बॅण्डने पहिलंच ‘गुडबाय’ छेडलं. आई पाहुण्यांशी बोलतच राहिली. टेबलाखाली मात्र तिचे पाय काढून ठेवलेल्या चपला चाचपडत होते.