जेवणानंतरचे सहा फोटो

“झाकण न काढताच फोटो काढतायत हो! सांगत का नाही कोणी ह्यांना?” शेजारचा शामराव अगदी कालिंदीच्या कानाशी पुटपुटला.

“तुम्हीच सांगा ना, भावजी.”

“मी? मी कशाला वाईट होऊ?”

चार पावलांवर तिचे यजमान, नाना, फुललेल्या पांगाऱ्याकडे कॅमेरा रोखून उभे होते. लेन्सवर काळं झाकण तसंच. खटकन बटण दाबून त्यांनी समाधानानं मान हलवली.

“शिंजीर. दुसऱ्या फांदीवर.”

ते इवलंसं पाखरू खरंच दुसऱ्या फांदीवर होतं. आवाजावरून ओळखलं असेल, कालिंदी मनाशी म्हणाली.

तीस वर्षं नानांचा गिरगावात स्टुडिओ होता. अवघडून बसलेली नवी जोडपी काढून काढून ते विटले, स्टुडिओ विकला आणि दर रविवारी पालव्याच्या धक्क्यावरून लाँचनं घारापुरीला यायला लागले. पाखरं न् फुलं टिपायला. कालिंदी डबा घेऊन बरोबर. फिल्म धुणं पहिल्यापासून तिच्याकडेच, घरी मोरीत लाल दिवा लावून.

गेल्या वर्षी रोल संपवायचा म्हणून शेवटचा एक फोटो तिनं काढला होता. शिंपी पाखराचं घरटं. तो फोटो नाना भिंग लावून अर्धा तास बघत बसले. मग म्हणाले, “डोळे दमले गं.” तेव्हापासून डोळे गेले ते गेलेच. पेपरसुद्धा तिनं वाचून दाखवायचा. डॉक्टरचं नाव काढलं की भडकायचे.

जेवणाआधी सहा फोटो, जेवणानंतर सहा, हा नानांचा नियम. आधीचे सहा कोरे निघायचे, ते ती कातरून टाकायची. जेवून नाना घोरायला लागले की उरलेले सहा ती काढायची. पोटावर पालथी पडून, पदर कमरेला खोचून. त्या तासाभरात तिला काय वाटायचं, ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

“रोल संपला की मघाशीच,” ते उठले की ती म्हणायची.

“असेल,” नाना म्हणायचे.

त्या दिवशीही जेवताना नानांनी तिच्या ताटातल्या बांगड्यातून केसाएवढा काटा उचलून बाजूला ठेवला. बोटांची सवय, दुसरं काय. मग ते आडवे झाले, शामराव बंदराकडे विडी ओढायला गेला, आणि कालिंदीला शिंजीर मिळाला. पांगाऱ्यात चोच खुपसलेला. काळ्यापांढऱ्या फोटोतही तो पांगारा लाल दिसत होता.

चार वर्षं मराठी राज्यासाठी घोषणा देऊन त्यांच्या गिरगावातल्या वाडीचे घसे बसले होते. आता एक मे रोजी ते राज्य होणार म्हणून वाडीनं फोटोंचं प्रदर्शन ठेवलं, बक्षिसांसकट. शिंजिराचा फोटो घेऊन नाना हट्टानं एकटेच काठी टेकत फॉर्म द्यायला गेले.

आठवड्यानं शामराव धापा टाकत दारात आला. “पहिला नंबर! रविवारी स्टेजवर बोलायचंय, फोटो कसा काढला ते!” मग त्याला झाकण आठवलं असावं. तो चपलांकडे बघायला लागला.

“बोलायलाच हवं,” नाना म्हणाले.

कालिंदी हातातलं काम टाकून पुढे आली. झाकणाचं अख्ख्या वाडीला ठाऊक. मागच्या रांगेतून कोणीतरी हसणार, आणि नाना स्टेजवर एकटे.

“अहो,” ती म्हणाली. “तुम्हाला दिसत नाही. वर्षभर झाकण न काढताच फोटो काढताय. तो शिंजीर... तो मी काढलाय.”

नाना तिच्याकडे बघून हसले.

“मग बोलणार कोण? फॉर्मवर नाव तुझंच घातलंय मी. तेवढं स्टेजवर जाताना कुंकू सरळ लाव, तिळाएवढं डावीकडे सरकलंय.”