घरच्या कोंबड्या

सौंदडच्या वीरेंद्रनं पाठवलेल्या कोंबड्यांसोबत त्याचं पत्र आलं होतं, पण गुलाबरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ‘कोंबड्या घरच्या हायेत, औषधाचा कण नाही. वहिनीले रस्सा पाज आन तब्येत कळव,’ असं बालमित्रानं लिहिलं होतं. पण कळवणार काय? ऑपरेशननंतर चिघळलेली त्यांच्या पत्नीची, नीलाची जखम कशालाच दाद देत नव्हती. शेवटी गोंदियाच्या डॉक्टरांनी राखून ठेवलेलं इंजेक्शन सुरू केलं. म्हणाले, “काका, याच्यापुढे आमच्याजवळ काही नाही.”

नीलानं पुन्हा रस्सा मागितला, म्हणून गुलाबराव सौंदडला गेले. वीरेंद्र कोंबड्यांच्या खाद्यात पांढरी पूड कालवत होता.

“औषध नाही म्हणाला होतास ना?”

“अबे, हे काय औषध होय? याच्यानं पिल्लं मरत नाही, वजन लौकर पकडते. सारेच टाकून राहिले. तू काऊन घाबरून राहिला?”

गुलाबरावांनी चष्मा लावून पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं आणि कोंबडी न घेताच ते परतले.

&nbsp;

आठवड्याभरानं त्यांनी उत्तर टपालात टाकलं: ‘नीला काल गेली. डॉक्टर म्हणाले, त्या शेवटच्या औषधाची जंतूंना आधीच सवय झाली होती. त्याचं नाव तुझ्या पाकिटावर आहे, वाचून बघ.’