महालिंगप्पाचं हालेलुया

"ह्यांच्या गळ्यातल्या लिंगाला हात लावायचा न्हाय," मल्लम्मानं दारातच बजावलं. "बाकी काय प्रार्थना करायची ती करा."

सून दैवशालानं उमरग्याहून राजपाल पास्टरांना बोलावून आणलं होतं. सासऱ्याच्या, महालिंगप्पाच्या, अंगावरून वारं गेलेलं, आठ महिने वाचा बंद. मल्लम्माला एकच पाहिजे होतं. नवऱ्यानं मरायच्या आत एकदा तिला नावानं हाक मारावी. चाळीस वर्षांत तो 'अगं'च्या पुढं गेला नव्हता.

राजपालनं हेल्मेट उंबऱ्याशी ठेवलं. "मी स्तुती म्हणतो. थांबलो, की सगळ्यांनी 'हालेलुया' म्हणून उत्तर द्यायचं."

"आधी अर्थ सांगा. न कळलेला शब्द म्या तोंडात घेत न्हाय."

"देवाची स्तुती करा, असा अर्थ हाय, आजी. जुना हिब्रू शब्द. त्यातच देवाचं नाव हाय."

त्यानं स्तुती म्हटली. थांबला. बायकांच्या आधी बाजेवरून उत्तर आलं, स्वच्छ, तरण्याताठ्या आवाजात.

"हालेलुया."

दैवशाला रडायलाच लागली. मल्लम्मा फणकारली, "माझं नाव घ्यायला जीभ जड, आन् परक्याचं लगेच?" पण पदर तिनंही डोळ्याला लावला.

प्रार्थना आटोपून राजपाल गेला. सून भाकरी थापायला आत गेली. महालिंगप्पा म्हणाला, "हालेलुया." मग गप्प झाला. कुणाचं तरी ऐकावं तशी मान कलती केली. पुन्हा, "हालेलुया."

"पास्टर गेलं की हो," मल्लम्मा म्हणाली. "कुणाला उत्तर देताय?"

तो बाजेच्या पायथ्याकडं बघत होता. तिथं कुणी नव्हतं. वारं गेलेला पाय त्यानं हळूच जवळ ओढून घेतला. आठ महिने तो पाय हलला नव्हता. दारात आलेल्या पाहुण्याला बसायला जागा करावी, तसा त्यानं तो ओढला.

मल्लम्मा तरातरा गेली आणि त्या मोकळ्या जागेवर बसली.

"हितं म्या बसणार. बघा माझ्याकडं. म्हणा, मल्लम्मा."

महालिंगप्पाची नजर तिच्या खांद्यावरून मागं गेली. मग तिच्यावर आली. ओठ हलले. मल्लम्मानं कान पुढं केला.

"सरक," तो म्हणाला.

भावकीपुढं, सरपंचापुढं कधी तसूभर न हललेली मल्लम्मा सरकली.