कबनूरचं वाडं

केरबानं उसाचं पान उलटं केलं आणि बहिणीच्या नाकासमोर धरलं. “बघ शालन, कसं पांढरंफेक पडलंय. लोकरी मावा म्हणत्यात ह्याला. सगळा फड खाल्ला.”

शालननं पान हातात घेतलं. पानाच्या पाठीला कापसासारखं काहीतरी चिकटलं होतं, आणि ते तिनं आधी बघितलं होतं.

कबनूरला तिच्या सासरच्या घराला लागून यंत्रमाग. मागाचा कापूस जावयासारखा हक्कानं कुठंही बसायचा, भांड्यांवर, वाळत घातलेल्या साड्यांवर, पोरांच्या केसांत. मागं दिवाळीला माहेरी निघताना तिनं वाडं बांधलं होतं, जनावराला चारायला तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे. त्यावरही पांढरं दिसलं. तिनं पदरानं वरवर झटकलं आणि भारा एसटीच्या टपावर चढवला. इकडं माहेरी, राधानगरीकडं, ऊसतोड अजून सुरू व्हायची होती आणि दादाची म्हैस नुकतीच व्यालेली. मोकळ्या हातानं कसं यायचं?

“त्या हंबीरतात्याचं काम हे,” केरबा म्हणाला. “बाहेरगावनं बेणं आणलं लावणीला, त्यातनं आला. म्हणून वाटच बंद केली त्याची.”

शेजारच्या तात्यांच्या वस्तीवरून गावात जायची पाऊलवाट केरबाच्या रानातून होती. तिच्यावर आता बोरीच्या काट्या रचलेल्या होत्या. शाळेतून येताना याच वाटेवर तात्या शालनला हाक मारून धारोष्ण दूध पाजायचे.

तेवढ्यात तात्याच आले. हातात दुधाची किटली. काट्यांच्या पलीकडं थांबले.

“केरबा, किती दिस आडवणार? डेरीला रोज येळ हुतोय. माझ्या बेण्यात मावा न्हवता. तो पयला पडला तुझ्या गोठ्याकडच्या सऱ्यात. शेतकीचं सायेब म्हणत हुतं, वाऱ्यानं येतोय न्हायतर वाड्यातनं.”

“वाड्यातनं?” केरबा उसळला. “आमच्यात वाडं आलं ते एकदाच, दिवाळीला. माझ्या भणीनं आणलं! सासरी ऱ्हाऊन मुक्या जनावराची आठवण ठेवली तिनं. आमची माणसं आशी हाईत, तात्या. दुसऱ्याचं वाटोळं करणारी न्हाईत.”

तात्यांनी शालनकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. भाऊ कौतुक करत होता आणि तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

तात्यांना काय ते कळलं. “कवा आलीस, पोरी?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ओढ्याकडच्या लांबच्या रस्त्याला वळले.

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तरी शालनला इतकी लाज वाटली नसती.

“तात्या, थांबा!” ती ओरडली आणि दोन्ही हातांनी काट्या उपसायला लागली.

“अगं, हात फाटतील की! याड लागलं काय?” केरबा धावत आला.

“फाटू देत, दादा.” तिनं मान वर केली नाही. “वाड्यावर पांढरं हुतं. मला वाटलं, आमच्या मागाचा कापूस हाय.”