आईच्या बाजूचं दार

"आई, जरा गॅरेजमध्ये ये."

अण्णा गेल्यावर त्यांच्या विलायती स्पोर्ट्स कारचा रंग खरवडायला मी स्वतःच बसले होते. त्या गाडीचं डावं दार कधीच नीट बसलं नाही. फटीतून वारा यायचा आणि पाचगणीचा घाट चढताना आई दर वेळी म्हणायची, "लग्नाआधी कुठेतरी ठोकलीत आणि मला सांगितलं नाहीत."

"अगं, कारखान्यातूनच अशी आलीय," अण्णा म्हणायचे. आईने ते शेवटपर्यंत मानलं नाही.

आता बिजागरीमागे मला एक लाकडी पाचर सापडली होती. ती कारखान्यातच ठोकलेली होती, कारण गाडीचा अगदी पहिला, हिरवा रंग तिच्यावरूनही सलग गेला होता.

आईने पाचरीवरून बोट फिरवलं. "मेल्यांनी अशी गाडी विकली?"

"काढून दार सरळ करू?" मी विचारलं.

"नको."

ती नेहमीच्या जागी जाऊन बसली. दार ओढून घेतलं. फट होती तशीच राहिली. पदर खांद्यावरून लपेटून ती शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळली.

"बरं," ती म्हणाली, "तुमचंच खरं."