रिकामी खाट

“तुम्ही काळी माणसं काटक असता, एवढ्यानं काही होत नाही,” हातभर लांब उभं राहून मोठे डॉक्टर तिला म्हणाले आणि त्यांनी आयसीयूचं दार लोटून घेतलं. काचेतून आत रिकामी खाट दिसत होती. इकडे बांधकामाच्या परांचीवरून पडलेला तिचा नवरा व्हरांड्यातल्या स्ट्रेचरवर घरघरत होता. दिवसभर ती सगळ्यांच्या हातापाया पडली.

संध्याकाळी अचानक त्याला आत घेतलं. नळ्या, व्हेंटिलेटर, वर परीटघडीची चादर! डॉक्टरांनी स्वतः तिला खुर्ची दिली. दगडाला पाझर फुटला म्हणून तिनं हात जोडले.



“ताई, त्यांचा मेंदू गेलाय हो, पण हृदय ठणठणीत आहे. पलीकडच्या साहेबांना बसेल, द्याल ना? शेवटी कातडीखाली माणसं सगळी सारखीच!”